पंधरा टक्क्यांवर रेस

बाबा ज्या बोटीवर ड्रायव्हर होते, तिचं इंजिन मी एकदाही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आमच्यात बाईमाणूस मासेमारीच्या बोटीवर पाय ठेवत नाही. लहानपणी मी धक्क्यावर उभी राहायचे आणि आवाज ऐकायचे, तेवढंच. ओळीने बोटी लागलेल्या असायच्या, एकामागून एक इंजिनं उठायची आणि त्यातलं बाबांचं कुठलं ते मला आवाजावरून कळायचं. बाकीचे ड्रायव्हर किल्ली फिरवताच रेस द्यायचे. इंजिन खोकायचं, काळा धूर धक्क्यावर यायचा, बायका टोपल्या सावरत शिव्या घालायच्या. बाबांचं इंजिन खोकत नसे. आधी नुसतं गुरगुरायचं आणि मग पाठीवरून कुणी हात फिरवावा तसं एका सुराला लागायचं. तो हात म्हणजे बाबांचा डावा हात. उजव्यात सुकाणू, डाव्यात रेसचा दांडा. पंचवीस वर्षं असंच.

बोटीवर त्यांचा एक नियम होता आणि नवीन खलाशाला ते पहिल्या दिवशीच सांगायचे. इंजिन चालू नाही झालं तर ड्रायव्हर उतरतो, इंजिन उतरत नाही. म्हणजे दोष इंजिनावर ढकलायचा नाही. काटा काय सांगतो ते बघायचं, काटा खोटं बोलत नाही.

मी बी.एस्सी. झाले, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. घरात पहिली, आमच्या आळीतही पहिली. हे मी मिरवायला सांगत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला, मिरवायलाच सांगते. आता कॉलेजच्या लॅबमध्ये सहायक आहे. दर वर्षी नवीन मुलं आली की पहिल्या प्रॅक्टिकलला मी फळ्यावर एकच ओळ लिहिते : जोडण्याआधी तपासा.

शिकलेल्या माणसाला घरात एक मोठी सोय असते. त्याचं कोणी तपासत नाही. औषधाच्या पट्टीवर काय लिहिलंय, फॉर्ममध्ये कुठे सही करायची, सगळं माझ्याकडे. एकदा राजापूरला लग्न होतं. एसटीची वेळ मी मोबाईलवर बघून सांगितली आणि ती चुकीची निघाली. अख्खी आळी नटूनथटून दोन तास स्टँडवर बसली. एकही माणूस मला बोलला नाही. उलट एक म्हातारी म्हणाली, "बायने वाचून सांगितलंन, म्हंजे एसटीच चुकली आसंल." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

गेल्या शिमग्यानंतर बाबांचा डावा हात विंचच्या, म्हणजे जाळं ओढायच्या रहाटाच्या, दोरात सापडला. जाळं ओढताना दोर निसटला, त्याने बोटांना वेढा घातला. हात राहिला, हीच मोठी गोष्ट म्हणायची. ऑपरेशन झालं, टाके सुकले, पण बोटं लाकडासारखी ताठ. सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "मूठ वळवा आणि मुठीत काहीतरी धरून फिरवा. रोज. थांबलात तर हात आहे तिथेच अडकेल, मग मी काही करू शकणार नाही." त्यांनी एक रबरी चेंडू दिला.

बाबांनी तो चेंडू दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी तो शेजारच्या कुत्र्याकडे होता.

"सत्तावन वर्षांचा मानूस दारात बसून चेंडू दाबतोय. लोक काय म्हनतील?" बाबा म्हणाले.

"लोक म्हनतील चेंडू दाबतोय," आई म्हणाली. ती बाजारात मासळी विकते, तिच्या तोंडाला कुणी लागत नाही. "काय तुमचा गळा दाबतोय आसं नाय म्हननार."

खरी अडचण लोकांची नव्हतीच. नाखवा, म्हणजे बोटीचे मालक, घरी येऊन सांगून गेले होते. जून-जुलै मासेमारीला बंदीच असते, बोटी वर ओढलेल्या असतात. "ऑगस्टात बगू," ते म्हणाले होते. "हात वळला तर जागा तुजी. नाय वळला तर मला दुसरा ड्रायव्हर बगायला लागंल. एका हाताचं काम नाय हे, तुला म्या काय सांगू." बाबा त्यावर नुसते हो म्हणाले. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. तिथे लाट बघून रेस कमी-जास्त करायची आणि त्याच वेळी सुकाणू फिरवायचं. दोन हात लागतात. बाबांना ते नाखवापेक्षा जास्त ठाऊक होतं.

म्हणजे ऑगस्टपर्यंत डावा हात, नाहीतर कायमचं घर. एवढं साधं गणित होतं.

हेलिकॉप्टरची कल्पना माझी. कॉलेजात नवीन कंप्युटर आले आणि जुन्यातला एक मी रीतसर अर्ज करून घरी आणला. त्यावर एक फुकटचा फ्लाइट सिम्युलेटर होता, मुलांनी टाकलेला. विमानात मला रस नव्हता. हेलिकॉप्टर बघितलं आणि मी खुर्चीत सरळ बसले. हेलिकॉप्टरमध्ये पायलटच्या डाव्या हाताला गाडीच्या हँडब्रेकसारखा एक दांडा असतो आणि त्या दांड्याच्या टोकाला मोटारसायकलसारखी फिरणारी मूठ. तीच त्याची रेस. डावा हात. मूठ वळवायची आणि फिरवायची. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलेला व्यायाम, आणि लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. चेंडू नाही, इंजिन.

दांडा मी स्वतः बनवला. पाण्याच्या पाइपचा तुकडा, गॅरेजमधून मागून आणलेली मोटारसायकलची मूठ, मोडक्या जॉयस्टिकचं सर्किट. मूठ किती फिरली हे कंप्युटरला कळायला आत एक पोटेन्शिओमीटर लागतो. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण असतं ना, त्याच्या मागचा भाग. फिरवला की आतली एक पत्ती कार्बनच्या पट्टीवरून सरकते. लॅबच्या जुन्या सामानात एका रेडिओतला सापडला. तो मी मुद्दाम निवडला, कारण रेडिओतला पोटेन्शिओमीटर सुरुवातीला हळू आणि मग भरभर वाढतो. नाजूक हाताला असाच हवा. हे मला सुचलं याचा मला इतका आनंद झाला की मी तो तसाच जोडला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गर्रकन फिरवून बघितला, पडद्यावर शून्य ते शंभर आकडा आला. झालं.

इंग्रजीतली सोळा पानांची माहिती मी मराठीत एका पानावर उतरवली, बाबांना अक्षरं लावून वाचता येतं म्हणून मोठ्या अक्षरात. बॅटरी चालू. मूठ पूर्ण बंद. स्टार्टर दाबून धरा. टर्बाइनचा वेग पंधरा टक्क्यांवर आला की मूठ थोडी उघडा, पेन्सिलच्या खुणेपर्यंतच. इंधन जाईल, आग धरेल, तापमान चढेल. खुणेच्या पुढे गेलात तर इंधन जास्त होऊन तापमान लाल पट्ट्यात जाईल आणि इंजिन जळेल. मागे आलात तर विझेल. साठ टक्के झाले की स्टार्टर सोडा.

बाबांनी पान दोनदा वाचलं. "म्हंजे आपल्यासारकाच हाय की," ते म्हणाले. "रेस आधी नाय द्यायची. धीर धरायचा."

"हेच तर तुम्हाला येतं."

"येतं खरं."

ते पहिल्यांदा खुर्चीत बसले तेव्हा आधी आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून आले. कीबोर्डला हात लावून कपाळाला लावला. संध्याकाळची वेळ, आई बाजारातून आलेली, टोपली दारातच. तीही बघायला उभी राहिली. मी स्टार्टरचं बटण दाबून आकडे वाचत होते. "आठ... अकरा... तेरा... पंधरा. आता!"

बाबांनी मूठ फिरवली. दोन बोटांनी आणि अंगठ्याने, बाकीची बोटं वळत नव्हती. अगदी सावकाश, मी मुठीवर पेन्सिलने केलेल्या खुणेपर्यंत, आणि तिथे थांबले. काटा उठला, डळमळला, पडला. इंजिन विझलं.

"लाईनीत हवा धरली आसंल," बाबा लगेच म्हणाले. "आधी लाईन बग."

मी हसले. "बाबा, हे कंप्युटरचं इंजिन. याला डिझेलची लाईनच नाही, हवा कुठून धरणार?"

"मंग बंद का पडलं?"

"हात थरथरला तुमचा. होईल सवय."

आई म्हणाली, "बापूस-लेक दोगं हेलिकॉप्टरात आन् मी टोपलीखाली. चालू झालं की मला बाजारात सोडा." आम्ही तिघंही हसलो. त्या दिवशी कुणालाच काही वाटलं नाही.

मग ते रोजचं झालं. मी कॉलेजातून यायचे, चहा व्हायचा आणि आम्ही बसायचो. दिवसाला पाच-सहा वेळा. कधी इंजिन विझायचं, कधी तापमान एकदम लालमध्ये जायचं आणि पडद्यावर धूर दिसायचा. मूठ खुणेजवळ आली की पडद्यावरचा इंधनाचा काटा थरथर थरथर करायचा. बाबा एका शब्दाने तक्रार करायचे नाहीत. फक्त एकदा, दुसऱ्या आठवड्यात असेल, ते म्हणाले, "बाय, हात नाय हालला. मी धरून हाय."

"बाबा, काटा हलतोय ना? तुम्हीच सांगता, काटा खोटं बोलत नाही."

ते काट्याकडे बघत राहिले आणि मग स्वतःच्या हाताकडे, उसन्या आणलेल्या वस्तूकडे बघतात तसे. "नाय बोलत," ते म्हणाले. त्यानंतर हात हलला नाही असं त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही.

आणि मी त्यांना करून दाखवायचे. हे लिहिताना अजून कानशिलं गरम होतात. "थांबा, मी दाखवते," म्हणून मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायचे, स्टार्टर दाबायचे आणि पंधरा झाले की मूठ झटक्यात फिरवायचे. खुणेच्या थोडी पुढेच जायची. तापमान लालच्या काठापर्यंत चढायचं, पण इंजिन लागायचं. पंखा फिरू लागायचा, आवाज खोलीत भरायचा. "बघा. होतं की नाही? म्हणजे मशीन ठीक आहे." मी हे त्यांना धीर द्यायला म्हणायचे. त्यातून त्यांना काय ऐकू जात होतं याचा विचार मी केला नाही.

आमच्यात ठरलं होतं की इंजिन एकदा त्यांच्या हाताने लागलं की आपण शहरामागच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, धावपट्टीवरून उडायचं, बंदरावरून एक चक्कर मारायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने आरे-वारेपर्यंत जायचं. मी एकटीने आधी जाऊन बघून आले होते. सिम्युलेटरमधलं आमचं बंदर रिकामं आहे. एक बोट नाही, बर्फाचा कारखाना नाही, आमच्या आळीच्या जागी नुसता हिरवा डाग. बाबांना मी हे सांगितलं नव्हतं. ते विचारायचे, "वरून बांद दिसंल काय गो? वाळूचा? लाट कुटं फुटते ते?" मी म्हणायचे, दिसेल.

जुलैच्या मध्यावर एका सकाळी मी डबा भरत होते. बाबा आरशासमोर शर्टाची बटणं लावत होते, दोन्ही हातांनी. मला दिसलं. डाव्या हाताची चार बोटं वळत होती, बटण काजात जात होतं. मी मनात म्हटलं, अरे वा. आणि कॉलेजला गेले. संध्याकाळी काटा पुन्हा थरथरला आणि मी बटणं विसरले. आता कळतं की माझ्यासमोर दोन पुरावे होते. एक आईने शिवलेल्या काजांचा, एक मी बनवलेल्या यंत्राचा. मी माझ्या यंत्राचा धरला.

जुलैच्या शेवटच्या रविवारी आम्ही सकाळपासून बसलो. बाबांनी स्वतःच सांगितलं होतं, आज सोडायचं नाही. सात वेळा झालं. सातही वेळा इंजिन लागलं नाही. सातव्यांदा तापमान लालमध्ये गेलं, धूर आला आणि बाबांनी मूठ सोडली. रागाने नाही. चालत्या बसमधून उतरलेला माणूस दांडा सोडतो तशी.

"रोज एक इंजिन जाळतोय मी," ते म्हणाले. "खरी बोट आसती तर?"

"खरी नाहीये ना बाबा."

"तू लाव एकदा."

मी लावलं. पहिल्या झटक्यात लागलं. ते पूर्ण साठ टक्के होईपर्यंत ऐकत राहिले, मग म्हणाले, "बंद कर."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात असताना ते नाखवाकडे गेले आणि माझा हात गेला, दुसरा ड्रायव्हर बघा, असं सांगून आले. आम्हाला कुणालाच विचारलं नाही. संध्याकाळी नाखवाच घरी आले. चांगला माणूस. पडवीत बसले आणि म्हणाले, "अरे, आसं कसं? मला हात दाखव तरी. वळव बगू मूठ."

बाबांनी हात पंच्याखाली घेतला. "माज्या पोरीने बगितलाय. दीड महिना रोज बगितलाय. मशीन लावून. ती शिकलेली हाय, नाखवा. तिच्या मशीनवर सात खेपा फेल गेलोय मी. तुमच्या बोटीवर धा मानसं आसतात."

नाखवा माझ्याकडे बघत राहिले. मी चहा घेऊन दारात उभी होते. त्यांना वाटलं असेल मी काहीतरी बोलेन. मी काय बोलले? "कंट्रोल राहत नाही हातावर," असं मी म्हणाले, आणि वर इंग्रजी शब्द वापरून समजावलं. नाखवांनी मान हलवली. "तू म्हनतेस म्हंजे आसंल बाय."

त्या वेळी मला आतून बरं वाटलं होतं. वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. दोन वयस्क माणसं, दोघांनी जन्म समुद्रावर काढलेला, आणि शेवटचा शब्द माझा. हे मी लिहिलंच पाहिजे, नाहीतर बाकीचं लिहून उपयोग नाही.

आई तेवढी आतून म्हणाली, "अवो, सकाळी तर नारळ सोललात," पण कपबशांच्या आवाजात ते गेलं. का मीच जाऊ दिलं.

ऑगस्टात बोटी खाली उतरल्या. नारळी पौर्णिमेला धक्क्यावर सगळे गेले, बाबा गेले नाहीत. घरातून इंजिनांचे आवाज येतात. आमच्या बोटीचा नवीन ड्रायव्हर किल्ली फिरवताच रेस देतो. इंजिन खोकलं. बाबा भिंतीला टेकून बसले होते. 

सिम्युलेटरवर मी एक जुनी चादर टाकली. बाबांनी हाताचं सगळं बंद केलं. डावा हात मांडीवर ठेवलेला असायचा आणि सगळी कामं उजव्याने. आई बोलायची, भांडायची. "कदी तरी फिरवा तो हात, ठेवलाय कशाला, पूजेला?" ते म्हणायचे, "आता कुनाला दाखवायचाय." गणपती गेले, दिवाळी गेली. शर्टाची बटणं आई लावू लागली.

दिवाळीनंतर दुसऱ्या सत्राची प्रॅक्टिकलं लागली. एका मुलीचं रीडिंग उड्या मारत होतं. तिने मला बोलावलं, "मॅडम, मी हात स्थिर धरलाय, तरी काटा हलतोय."

मी सवयीने म्हणाले, "तुझा हात नाही, पोटेन्शिओमीटर खराब आहे. पट्टी झिजली असेल. आधी मीटर लावून..." आणि माझं बोलणं तिथेच राहिलं. ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मी तिला काय सांगितलं पुढे, आठवत नाही. मागे फळ्यावर माझीच ओळ होती.

घरी आले, चादर काढली, मूठ खोलली. बाबा पडवीत होते. लॅबमधून आणलेला मीटर लावला, काट्याचा, जुना. मूठ सावकाश फिरवत गेले. शून्यापासून काटा नीट चढला आणि मूठ माझ्या पेन्सिलच्या खुणेपाशी आल्यावर वेडा झाला. इकडे पडे, तिकडे पडे. खुणेच्या पुढे गेल्यावर पुन्हा नीट. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. तो रेडिओ ज्या कुणाचा असेल, तो माणूस वर्षानुवर्षं आवाज बारीक ठेवून ऐकत असणार. पत्ती त्या एकाच जागी घासून घासून तिथला कार्बन गेला होता. तांदळाएवढी जागा.

झटक्याने फिरवलं की ती जागा ओलांडली जायची. म्हणून माझ्या हाताने इंजिन लागायचं, कारण माझा हात ढोबळ होता. बाबा बरोबर खुणेवर थांबायचे. दर वेळी. तांदळाएवढ्या जागेवर, दोन बोटांनी, न हलता. ज्या हाताला मी थरथरतो म्हणाले, तो इतका स्थिर होता की दर वेळी नेमका खड्ड्यात जाऊन उभा राहायचा.

आणि याला लाईन होती, कार्बनची, तीच तुटलेली. पहिल्या दिवशीच ते म्हणाले होते.

मी तो भाग सोडवून हातात घेऊन पडवीत गेले. सांगावं की नाही असा प्रश्न मला पडला नाही, हे एक बरं झालं. मी सगळं सांगितलं, उभ्यानेच. बाबांनी उजव्या हाताने तो घेतला, उलटसुलट केला.

"हे येवढंसं?"

"हो."

"आन् हात?"

"हात बरोबर होता बाबा. माझ्यापेक्षा बरोबर होता. मी तपासलं नव्हतं. चूक माझी."

त्यांनी तो भाग उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "तुजी कशी? ड्रायव्हर मी हुतो. लाईन बगितल्याबिगर सातदा स्टार्टर मारला."

"बाबा, असं करू नका. शिव्या द्या मला."

"शिव्या दिऊन काय हुतंय." त्यांनी तो भाग माझ्या हातात परत दिला, अगदी जपून, जणू अजून कामाचा आहे. मी म्हणाले, नाखवांकडे जाऊ, मी जाते, मी सांगते. ते म्हणाले, "नव्या ड्रायव्हराला उतरवायचं? त्याची काय चूक? एकदा उतरलो ना मी."

आई सगळं ऐकत होती.  नंतर चुलीपाशी भाकरी थापताना एवढंच म्हणाली, "तू कालेजात गेलीस की दिवसभर मूठ फिरवत बसायचे गो. मशीन बंद आसायची. मला म्हनायचे, बायला सांगू नको, तिला वाटंल बापाला जमत नाय." बाजारातल्या बायका तिच्या आवाजाला घाबरतात. तो आवाज तेव्हा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी नवीन पोटेन्शिओमीटर आणला. आधी मीटर लावला, टोकापासून टोकापर्यंत, सावकाश, दहा वेळा. मग जोडला. नाखवांचं राहू दे, पण एकदा तरी त्यांच्या हाताने इंजिन लागावं, एवढंच माझं म्हणणं होतं. बाबा नको म्हणत होते. मी हट्ट केला. शेवटी ते आले. या वेळी आंघोळ नाही, स्वच्छ शर्ट नाही. खुर्चीत बसले आणि डावा हात मुठीवर ठेवला, म्हणजे उजव्याने उचलून ठेवला.

मी स्टार्टर दाबला. "आठ... अकरा... तेरा... पंधरा. आता, बाबा."

बोटं मुठीभोवती वळली नाहीत. अंगठा थोडा आत आला, तेवढाच. त्यांनी खांद्यापासून जोर लावला, गळ्याच्या शिरा वर आल्या, अख्खा दांडा हलला, पण मूठ फिरली नाही. टर्बाइन पंधरा टक्क्यांवर नुसतं घोंघावत राहिलं. बॅटरी उतरायला लागली. चौदा. बारा. मी बटण सोडलं नाही, सोडता येईना. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, थांबलात तर आहे तिथेच अडकेल. आम्ही जुलैअखेर थांबलो होतो.

पडद्यावर इंधनाचा काटा शून्यावर होता. जराही थरथरत नव्हता.

"आता खरं बोलतोय," बाबा म्हणाले. कुत्सितपणे नाही. इंजिन बघून सांगतात तसं. मग उजव्या हाताने डावा उचलून मांडीवर घेतला, उठले आणि पडवीत जाऊन आईने वाळत घातलेली सुकट निवडायला बसले, एका हाताने.

बंद करण्याची पद्धतही माझ्या त्या पानावर लिहिलेली आहे. मूठ बंद करा, दोन मिनिटं थांबा, तापमान उतरू द्या, मग बॅटरी बंद. इंजिन चालूच झालं नव्हतं, थंड व्हायला त्यात काही नव्हतं. तरी मी घड्याळ लावून दोन मिनिटं बसले आणि मग बॅटरी बंद केली.